न सांगता येणाऱ्या वेदनेचे मोजमाप

वर्गात एखादे मूल पोट धरून बसले, की आपण पहिला प्रश्न विचारतो, "काय रे, कुठे दुखतंय?" दवाखान्यात डॉक्टरही हेच विचारतात. ताप मोजायला तापमापक आहे, रक्तदाब मोजायला यंत्र आहे, रक्तातली साखर एका थेंबावरून कळते. वेदना मोजणारे असे कोणतेही उपकरण दवाखान्यात नसते. तिथला सगळा व्यवहार रुग्णाच्या शब्दांवर चालतो. मराठीत या शब्दांना तोटा नाही. डोके ठणकते, गळू ठसठसते, पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, जखम चुरचुरते आणि भाजलेली जागा भगभगते. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरांना काही वेगळे सांगून जातो.

पण ज्या माणसाचे शब्दच हरवले आहेत, त्याचे काय? स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या रुग्णाला आधी नावे आठवेनाशी होतात, मग वाक्ये तुटू लागतात आणि अखेरच्या टप्प्यात बोलणे जवळजवळ थांबते. अशा माणसाची दाढ किडली, गुडघा सुजला किंवा खुब्याचे हाड मोडले, तर ते इतरांना कळायचे कसे? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. ते शोधण्यात मोठा वाटा परिचारिकांचा होता. या लेखात आपण तो इतिहास पाहणार आहोत.

फ्रँकफर्टमधील एक रुग्ण

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या एका स्त्रीला दाखल करण्यात आले. तिचे नाव आउगुस्टे डेटर. तिला तपासणारे डॉक्टर होते ॲलॉइस अल्झायमर. त्यांनी तिला वस्तू दाखवून त्यांची नावे विचारली, थोड्या वेळाने तीच पुन्हा विचारली, स्वतःचे नाव लिहायला सांगितले आणि प्रत्येक उत्तर टिपून ठेवले. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. तोपर्यंत अल्झायमर म्युनिकला गेले होते. तिचा मेंदू त्यांच्याकडे तपासणीसाठी पाठवण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी आपली निरीक्षणे मांडली आणि १९०७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले.

अल्झायमर यांच्या त्या छोट्याशा निबंधात मेंदूतील बदलांबरोबर रुग्णाच्या वागण्याचेही वर्णन आहे. ती कित्येकदा तासन्‌तास भयंकर आवाजात ओरडत असे. शेवटी शेवटी ती पाय पोटाशी घेऊन अंथरुणात पडून राही. सर्व काळजी घेऊनही तिला शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर झाले होते. त्या जखमांतून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग हेच तिच्या मृत्यूचे कारण नोंदले गेले. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली आहे, त्यांना या जखमा किती दुखतात हे सांगायला नको.

तिचे ओरडणे वेदनेमुळेच होते असे आज म्हणायला आधार नाही. माणूस भीतीनेही ओरडतो. पण हिला काही दुखत असेल का, हा प्रश्न त्या निबंधात विचारलेला नाही. ओरडणे आणि पाय आखडून घेणे ही रोगाचीच लक्षणे म्हणून नोंदली गेली. पुढची कित्येक दशके बहुतेक ठिकाणी हीच रीत राहिली. आपल्याकडेही एखादे आजोबा अंघोळ घालताना हात झटकू लागले, तर 'म्हातारचळ लागला' असे म्हणून विषय संपवला जातो. झटकणारा तो खांदा दुखत असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

वेदनेला एकक हवे

विज्ञानाला मोजमाप आवडते. वेदनाही उष्णतेसारखी अंशांत मोजता येईल, असे काही संशोधकांना वाटत होते. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जेम्स हार्डी, हॅरल्ड वुल्फ आणि हेलेन गुडेल यांनी त्यासाठी एक उपकरण बनवले. कपाळाचा एक ठिपका काळा करायचा, त्यावर प्रखर दिव्याची उष्णता एकवटायची आणि ती किती झाल्यावर दुखू लागते ते पाहायचे. प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचीच कपाळे वापरली. वेदनेच्या एककाला त्यांनी 'डोल' असे नाव दिले.

पण 'डोल' फार काळ टिकला नाही. प्रयोगशाळेतली वेदना आणि खरीखुरी वेदना यांत मोठे अंतर होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील आन्झिओ येथे हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी पाहिले, की गंभीर जखमी झालेले कित्येक सैनिक मॉर्फिन नको म्हणत. रणांगणातून आपण जिवंत सुटलो, या जाणिवेचा तो परिणाम असावा, असा अर्थ बीचर यांनी लावला. जखम तेवढीच असली तरी वेदना तेवढीच असेल, असे नाही. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी याचे एक शारीरिक स्पष्टीकरण सुचवले. त्यांच्या मते मज्जारज्जूत जणू एक दार आहे. शरीराकडून येणाऱ्या वेदनेच्या संदेशांना ते कमी-जास्त वाट देते आणि ते उघडण्या-मिटण्यात मेंदूचाही हात असतो. तेव्हापासून वेदना म्हणजे इजेची सरळ पोच, ही समजूत मागे पडत गेली.

मग वेदना किती, हे ठरवायचे कोणी? १९६८ मध्ये मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन परिचारिकेने याचे ठाम उत्तर दिले. वेदनेबाबत अंतिम साक्ष रुग्णाचीच मानावी, परिचारिकेने त्याच्यावर विश्वास ठेवावा, असे तिचे म्हणणे होते. रुग्ण नाटक करतो, औषधासाठी कण्हतो, अशी शंका घेण्याच्या त्या काळात ही भूमिका क्रांतिकारकच होती. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. साँडर्स आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या होत्या. कर्करोगाच्या रुग्णाने वेदनेने तळमळून औषध मागावे आणि मग ते द्यावे, ही पद्धत त्यांनी मोडली. वेदना परत येण्याआधीच घड्याळाप्रमाणे औषध द्यायचे, असा त्यांचा नियम होता.

१९७५ मध्ये मेल्झॅक यांनी वेदनेच्या वर्णनासाठी ७८ शब्दांची प्रश्नावली तयार केली. शून्य ते दहा यांतला आकडा सांगणे, दहा सेंटिमीटरच्या रेघेवर खूण करणे, हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंतच्या चित्रांतून एक निवडणे, अशा सोप्या रीतीही रूढ झाल्या. या सगळ्यांमुळे लाखो रुग्णांना दिलासा मिळाला. पण त्यांची एक अट होती. रुग्णाला प्रश्न समजला पाहिजे, मागची वेदना आठवली पाहिजे आणि उत्तर देता आले पाहिजे. स्मृतिभ्रंशात नेमक्या याच तीन गोष्टी जातात. रुग्णाच्या शब्दाला मान देणारे शास्त्र शब्द गमावलेल्या रुग्णापाशी येऊन अडले.

तान्ह्या बाळांनी दिलेला धडा

या अडचणीतून वाट निघाली ती अनपेक्षित दिशेने. बोलता न येणारा रुग्णांचा आणखी एक मोठा गट आहे, तो म्हणजे तान्ही बाळे.

नवजात बाळाची मज्जासंस्था पुरती तयार नसते, त्यामुळे त्याला वेदना होत नाही आणि झाली तरी आठवत नाही, असे १९८० च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टर मानत. गुंगीच्या औषधांचा धोकाही खराच होता. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर पुष्कळदा अगदी हलकी भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन शस्त्रक्रिया होत. स्नायू शिथिल झालेले बाळ हलू शकत नसे, त्यामुळे ते शांत दिसे.

इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीची हलकी भूल दिली. दुसऱ्या गटाला तिच्या जोडीला फेंटॅनिल हे प्रभावी वेदनाशामकही दिले. वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताण दाखवणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाण कितीतरी अधिक वाढले आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना त्रासही जास्त झाला. हे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बालकांना भूल देण्याच्या पद्धती बदलू लागल्या.

या प्रयोगाचा आपल्या विषयाशी असलेला संबंध लक्षात घ्यावा. बाळाने काहीही सांगितले नव्हते, तरी त्याचे शरीर सांगत होते. शब्दांचा अभाव हा वेदनेच्या अभावाचा पुरावा ठरत नाही, हे सिद्ध झाले होते. त्यानंतर बाळांचे निरीक्षण करून वेदना ओळखण्याच्या अनेक पट्ट्या तयार झाल्या. त्यातली एक १९९७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात सँड्रा मर्केल या परिचारिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. बाळाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर ते शांत होते की नाही, या पाच गोष्टी तिच्यात पाहतात. फ्रान्समध्ये तर बेर्नार वारी यांनी कर्करोग झालेल्या लहान मुलांसाठीच्या पट्टीवरून बेतलेली, न बोलणाऱ्या वृद्धांसाठीची पट्टी १९९० च्या दशकाच्या आरंभीच केली होती. 'दोलोप्लुस' या नावाने ती ओळखली जाते.

ज्यांनी पाहिले त्यांनाच विचारले

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बेडफर्ड येथे माजी सैनिकांसाठीचे एक रुग्णालय आहे. तिथे अल्झायमरच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांचा खास विभाग होता. ॲन हर्ली ही परिचारिका-संशोधक आणि लॅडिस्लाव व्होलिसर हे डॉक्टर व त्यांचे सहकारी यांनी तिथे एक साधी गोष्ट केली. या रुग्णांची रोज सेवा करणाऱ्या परिचारिकांना त्यांनी विचारले, की रुग्णाला त्रास होतो आहे हे तुम्ही कशावरून ओळखता?

हा प्रश्न योग्य माणसांना विचारला गेला होता. डॉक्टर दिवसातून काही मिनिटे येतो. परिचारिका रुग्णाला कुशीवर वळवते, अंघोळ घालते, घास भरवते, कपडे बदलते. वेदना बहुधा हालचालीच्या वेळी उफाळते आणि त्या वेळी तिथे परिचारिकाच असते. कोणता रुग्ण एरवी कसा वागतो, हेही तिला ठाऊक असते. हे ज्ञान पुष्कळांच्या डोक्यात होते, पण कागदावर नव्हते.

परिचारिकांनी सांगितलेल्या खुणांची छाननी होऊन अखेर नऊ खुणा उरल्या. धापा टाकल्यासारखा मोठा श्वास, तक्रारीचे स्वर, समाधानी चेहरा, दुःखी चेहरा, घाबरलेला चेहरा, कपाळाच्या आठ्या, सैल अंग, ताठरलेले अंग आणि चुळबुळ. यातल्या समाधानी चेहरा आणि सैल अंग या दोन खुणा सुखाच्या आहेत, त्या दिसल्या नाहीत तर त्रास समजायचा. पाच मिनिटे रुग्णाचे निरीक्षण करून या खुणांना गुण द्यायचे. ही पट्टी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली.

पट्टी तयार केली म्हणजे ती खरी ठरली असे नव्हे. इथे दोन कसोट्या लावतात आणि त्या आपल्या विद्यार्थ्यांनाही समजतील अशा आहेत. पहिली कसोटी अशी, की दोन जणांनी एकाच रुग्णाला एकाच वेळी, एकमेकांशी न बोलता पाहिले, तर त्यांचे गुण जुळतात का? एकच निबंध दोन परीक्षकांनी तपासावा, तसेच हे आहे. दुसरी कसोटी अशी, की वेदना वाढायला हवी तेव्हा गुण वाढतात आणि कमी व्हायला हवी तेव्हा कमी होतात का? रुग्ण स्वस्थ पडलेला असताना आणि त्याला वळवताना गुणांत फरक दिसला पाहिजे. वेदनाशामक दिल्यावर गुण उतरले पाहिजेत. वेदना स्वतः दिसत नसली, तरी तिच्यातला बदल असा पकडता येतो.

ही पहिली पट्टी वापरायला मात्र किचकट होती, तिच्यासाठी बरेच प्रशिक्षण लागे. म्हणून बेडफर्डच्याच व्हिक्टोरिया वॉर्डन, हर्ली आणि व्होलिसर यांनी २००३ मध्ये तिचे सोपे रूप तयार केले. या वेळी बाळांच्या पट्टीतून काही कल्पना उघडपणे घेतल्या होत्या. श्वास, कण्हणे-ओरडणे, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत काढता येणे, अशा पाच गोष्टी. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण, म्हणजे एकूण शून्य ते दहा. ही पट्टी 'पेनॅड' या नावाने अनेक देशांत वापरली जाते. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जेनिफर ॲबी यांची सहा मुद्द्यांची आणि कॅनडात साठ खुणांची यादी असलेली, अशा आणखी पट्ट्या प्रसिद्ध झाल्या.

वेदना कमी होते की फक्त तक्रार?

आता एक शंका येईल. स्मृतिभ्रंशात मेंदूच्या पेशी मरतात, तर वेदनेची जाणीवही बोथट होत असेल. असे रुग्ण तक्रार कमी करतात, हे तर खरेच आहे. मग त्यांना औषध कमी मिळाले तर बिघडले कुठे?

याची उत्तरे टप्प्याटप्प्याने मिळाली. १९९५ मध्ये ब्रूस फेरेल, परिचारिका-संशोधक बेटी फेरेल आणि लिन रिव्हेरा यांनी अमेरिकेतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या, बुद्धी मंदावलेल्या २१७ वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ६२ टक्के वृद्धांनी कुठे ना कुठे दुखत असल्याचे सांगितले. निरनिराळ्या पाच पट्ट्या दाखवल्यावर ८३ टक्के वृद्ध त्यातली निदान एक तरी वापरू शकले. म्हणजे आधी विचारून पाहायला हवे होते. स्मृतिभ्रंश झाला म्हणजे सांगताच येणार नाही, हे गृहीत धरणे चूक होते.

२००० मध्ये न्यूयॉर्कमधील शॉन मॉरिसन आणि ॲल्बर्ट सिउ यांनी खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शुद्ध बुद्धीचे ५९ रुग्ण आणि तीव्र स्मृतिभ्रंशाचे ३८ रुग्ण होते. हाड तेच, शस्त्रक्रियाही तीच. तरी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना मिळालेले मॉर्फिनसारखे औषध इतरांच्या एकतृतीयांश होते. आणि ज्यांना तिप्पट औषध मिळाले, त्यांच्यातल्याही अनेकांनी तीव्र वेदना होत असल्याचे सांगितले होते. मग न सांगू शकणाऱ्यांनी काय सोसले असेल, याचा अंदाज आपणच करावा.

मेंदूचे प्रत्यक्ष चित्र २००६ मध्ये मिळाले. ऑस्ट्रेलियातील लिओनी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या १४ रुग्णांच्या आणि त्याच वयाच्या १५ निरोगी व्यक्तींच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूची चुंबकीय प्रतिमा घेतली. रुग्णांच्या मेंदूत वेदनेशी संबंधित भागांची सक्रियता कमी झालेली दिसली नाही, उलट ती अधिक आणि जास्त वेळ टिकणारी होती. हे रुग्ण आजाराच्या पहिल्या टप्प्यांतले होते, त्यामुळे अखेरच्या टप्प्याविषयी यावरून थेट बोलता येत नाही. पण वेदना विझते, या समजुतीला त्याने मोठा धक्का दिला.

त्याच वर्षी इटलीतील फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी आणखी एक बारकावा दाखवला. औषध घेतले आता बरे वाटेल, या अपेक्षेनेही आपली वेदना काही अंशी कमी होते. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पुढच्या भागाचे काम बिघडले, की अपेक्षेचा हा आधार जातो. मग तेवढ्याच औषधाचा गुण कमी येतो. म्हणजे ज्यांना औषध कमी दिले जात होते, त्यांच्यापैकी काहींना खरे तर जास्त लागणार होते.

ओळखल्यानंतर काय?

२००६ मध्ये कीला हर आणि इतर परिचारिका-तज्ज्ञांनी कामाचा एक क्रम सांगितला. आधी रुग्णाला साध्या शब्दांत विचारावे, हो-नाही एवढे उत्तरही पुरे. मग दुखण्याची कारणे शोधावीत. त्यानंतर वागण्याच्या खुणा पाहाव्यात. रुग्णाला जवळून ओळखणाऱ्या माणसाला, मुलीला किंवा सुनेला, आज काही वेगळे वाटते का ते विचारावे. आणि तरीही शंका राहिली तर वेदनाशामक देऊन फरक पडतो का ते पाहावे. हा शेवटचा टप्पा म्हणजे छोटासा प्रयोगच आहे. गुण आधी नोंदवायचे, औषध द्यायचे, गुण पुन्हा नोंदवायचे.

कारणे शोधणे हे सर्वांत महत्त्वाचे. बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, टोचणारी कवळी, किडलेली दाढ, घट्ट चप्पल, एकाच कुशीवर फार वेळ पडणे, यांतल्या बऱ्याच गोष्टी गोळीशिवाय दूर होतात. कूस बदलणे, उशी देणे, शेकणे आणि हळू आवाजात बोलत हात धरणे, हेही उपचारच आहेत. औषध लागलेच तर सुरुवात बहुधा साध्या पॅरासिटॅमॉलपासून होते. जखमेची पट्टी बदलण्याआधी किंवा अंघोळीआधी ते दिले तर पुढचा झगडा टळतो. मॉर्फिनच्या जातीचे औषध द्यावे लागले तर वृद्धांत गुंगी, बद्धकोष्ठ आणि पडण्याचा धोका यांवर डोळा ठेवावा लागतो. ही औषधे अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायची. 'गरज लागल्यास द्यावे' असे चिठ्ठीवर लिहिणे मात्र इथे घातक ठरते. गरज लागली हे सांगणार कोण? साँडर्स यांचा घड्याळाचा नियम इथे पुन्हा उपयोगी पडतो.

या सगळ्याची मोठी कसोटी नॉर्वेत लागली. बेटिना हुसेबो आणि सहकाऱ्यांनी १८ शुश्रूषागृहांतील स्मृतिभ्रंशाच्या ३५२ रुग्णांवर केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सर्व रुग्ण ओरडणे, मारणे, येरझाऱ्या घालणे अशा अस्वस्थ वागण्याचे होते. निम्म्या विभागांत नेहमीचे उपचार चालू राहिले. उरलेल्या विभागांत आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामके दिली, आणि बहुतेकांना पहिल्या पायरीवरचे पॅरासिटॅमॉलच पुरले. या गटातले अस्वस्थ वागणे सरासरी १७ टक्क्यांनी घटले. औषध थांबवल्यावर ते पुन्हा वाढले. म्हणजे रोगाचे मानलेले वागणे निदान काही अंशी वेदनेचे होते. अशा रुग्णांना शांत करण्यासाठी मनोविकारांवरची औषधे देण्याची प्रथा होती आणि ती पुरती गेलेली नाही. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला होता. दुखते म्हणून ओरडणाऱ्याला गप्प करणारे औषध देणे म्हणजे धुराची सूचना देणारी घंटा बंद करून आग तशीच ठेवण्यासारखे आहे.

पट्टीच्या मर्यादा

या पट्ट्यांना मर्यादाही आहेत. आठ्या भुकेने पडतात, थंडीने आणि भीतीनेही पडतात. पेनॅडवरचे सहा गुण म्हणजे रुग्णाने स्वतः सांगितलेले दहापैकी सहा नव्हेत. हा आकडा वेदना असण्याची शक्यता सांगतो, तिची तीव्रता सांगेलच असे नाही. काही रुग्ण वेदनेत ओरडत नाहीत, उलट अगदी मुके होतात, जेवण टाकतात आणि चालेनासे होतात. त्यांना पट्टी शून्य देऊ शकते. म्हणून पट्टीपेक्षा मोठा आधार आहे तो रुग्णाच्या नेहमीच्या वागण्याची ओळख असण्याचा.

जागतिक पातळीवर वेदनेचा अभ्यास करणाऱ्या संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली होती. तिच्यात इजेच्या भाषेत 'वर्णन केलेला' अनुभव असा उल्लेख होता. २०२० मध्ये ती व्याख्या सुधारली तेव्हा वर्णनाचा उल्लेख काढून टाकला आणि टीप जोडली, की शब्दांत सांगणे हा वेदना व्यक्त करण्याचा अनेकांपैकी एक मार्ग आहे, सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे. अनेक वर्षांच्या निरीक्षणातून आलेले हे एक वाक्य आहे.

आपल्या घरात

भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यातले बहुसंख्य रुग्ण घरीच असतात आणि त्यांची परिचारिका म्हणजे घरातली सून, मुलगी, बायको किंवा कधी दहावी-बारावीतला नातू. आपल्या वर्गातही अशा घरातून येणारी मुले असतील. त्यांना निरीक्षण करायला आपण शिकवतोच. बी रुजताना रोज काय बदलले ते वहीत लिहायला सांगतो. तीच वही आजीसाठीही चालेल. सकाळी उठताना चेहरा कसा होता, कुशीवर वळवताना पाय आखडले का, जवळ बसल्यावर शांत झाली का, गोळीनंतर तासाभराने काय फरक पडला, या चार ओळी रोज लिहिल्या, तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आउगुस्टे डेटर हिच्या शेवटच्या दिवसांच्या वर्णनात पाय पोटाशी घेतल्याची नोंद आहे. २००३ च्या पट्टीत, अंगाच्या ठेवणीच्या रकान्यात, गुडघे पोटाशी ओढून घेणे या खुणेला दोन गुण आहेत. खूण तीच आहे. १९०७ मध्ये तिची नोंद रोगाच्या वर्णनात झाली. आज ती दिसली, की परिचारिका रुग्णाजवळ जाऊन काय दुखते आहे ते शोधू लागते.